वाढदिवस कोणाचा?



मिस्सेच्या हेतूंची वही उघडली की ‘वाढदिवसानिमित्त आभार’ ही ओळ आपल्या धर्मग्रामात जवळजवळ रोज सापडते. त्यात आजी-आजोबांची नावे असतात, लग्नाला पंचवीस वर्षे झालेली जोडपी असतात. पण अलीकडे सर्वांत अधिक नावे दिसतात ती चिमुरड्यांची. पहिला, दुसरा, तिसरा वाढदिवस. सकाळी मिस्सा, दुपारी घरी जेवण, संध्याकाळी हॉल, फुगे आणि केक. नाक्यावर फ्लेक्सही लागतो. त्यावर शुभेच्छुकांचे इतके फोटो असतात की ज्याचा वाढदिवस ते बाळ शोधावे लागते. आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी हे काही नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांना आपली जन्मतारीखही नक्की सांगता येत नाही. पेन्शनच्या कागदांसाठी ती बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातून काढून द्यावी लागते. काळ बदलला, घरात लेकराचे कौतुक होऊ लागले, यात आपण नाक मुरडावे असे काहीच नाही.

आम्हां धर्मगुरूंना अशा प्रसंगी आशीर्वाद द्यायला बोलावतात आणि आम्ही आनंदाने जातो. पण सेमिनरीत चार वर्षे तत्त्वज्ञानाची पुस्तके चाळलेल्या माणसांना साध्या गोष्टीतही प्रश्न पडण्याची खोड लागते. तीन वर्षांच्या लेकराचा वाढदिवस करताना आपण नेमके काय साजरे करतो? त्याने अजून काही मिळवलेले नाही. परीक्षा पास झालेले नाही, कुणाचे भले केलेले नाही. वय वाढले म्हणावे, तर ते वाडीतल्या केळीचेही वाढते. मग हा आनंद कशाचा?

पवित्र शास्त्रात उत्तर शोधायला गेलो तर सुरुवातीला धक्काच बसतो. तिथे थाटामाटात साजरे झालेले वाढदिवस सापडतात ते राजांचे. उत्पत्तीच्या ४०व्या अध्यायात फारोचा वाढदिवस आहे. त्या दिवशी त्याने आपल्या मुख्य आचाऱ्याला फासावर लटकवले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात हेरोदाचा वाढदिवस आहे. त्या मेजवानीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात घालून आणले गेले. उलट ईयोब आणि यिर्मया यांनी आपल्या जन्माच्या दिवसाला शापच दिला. तिसऱ्या शतकातील ओरिजन या विद्वानाने हे हेरले होते. वाढदिवसाचा सोहळा करणारा एकही संत शास्त्रात आढळत नाही, असे त्याने आपल्या प्रवचनात ऐकवले. ख्रिस्तसभेच्या पंचांगातही संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी येतो. तोच त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस. पृथ्वीवरचा जन्म आपण साजरा करतो तो फक्त तिघांचा : २५ डिसेंबरला प्रभू येशूचा, ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा आणि २४ जूनला योहानाचा.

ओरिजनचा मान राखूनही त्याच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. फारो आणि हेरोद यांच्या मेजवान्यांत खरी खोट होती ती वेगळीच. त्या दिवशी राजाची सत्ता मिरवली गेली आणि दुसऱ्याच्या जिवाचा निकाल त्याच्या लहरीवर लागला. वाढदिवस मिरवण्याचा झाला की त्यात कुणीतरी भरडले जाते, एवढे मात्र त्यावरून नक्की कळते. कधी कधी ते स्वतः उत्सवमूर्तीच असते. रात्रीचे साडेनऊ, डीजेचा दणका, अंगाला टोचणारा जरीचा कोट आणि व्हिडिओवाल्याच्या दिव्यापुढे भोकाड पसरलेले एक वर्षाचे पोर आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

शास्त्रात एक वाढदिवस असाही आहे ज्याला वाढदिवस म्हटलेले नाही. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात हन्नाची गोष्ट येते. मूल होत नाही म्हणून ती शिलो येथील मंदिरात रडली, नवस केला, मुलगा झाला. दूध सुटल्यावर तिने तो देवाच्या सेवेसाठी एली याजकाकडे ठेवला. पुढे दरवर्षी ती नवऱ्याबरोबर यज्ञासाठी शिलोला जाताना मुलासाठी एक लहानसा अंगरखा शिवून नेत असे. दोन ओळींत आटोपलेली ही नोंद आहे, पण आया-बहिणींनी ती जरूर वाचावी. मुलगा डोळ्यांपुढे नाही. तो वर्षभरात किती वाढला असेल, खांदे किती रुंदावले असतील, याचा अंदाज घरी बसून बांधायचा. गेल्या वर्षीचे माप उपयोगाचे नाही. आणि अंगरखा बसला नाही तर पोराला कापता येत नाही, कापडच सोडावे लागते.

आपल्या घरांत आई-बाप आम्हांला कौतुकाने काय सांगतात? ‘फादर, आता ही सगळं बोलते.’ ‘याला राग फार. अगदी पप्पांवर गेलाय.’ ‘कुणी आलं की हिला गाऊन दाखवायचं असतं.’ म्हणजे आनंद असतो तो उमलत्या व्यक्तिमत्त्वाचा. काल पाळण्यात होते ते गाठोडे आज ‘कुणीतरी’ झाले आहे. साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मूल आरशातल्या प्रतिमेला ‘हा मीच’ म्हणून ओळखू लागते. त्यानंतर ‘मी’, ‘माझं’ आणि ‘मीच करणार’ हे शब्द येतात. आणि येतो तो सर्वांत बलवान शब्द : ‘नाही’. ‘फादरना पोएम म्हणून दाखव.’ ‘नाही.’ ‘येशूबाप्पाला नमस्कार कर.’ ‘नाही.’ आई ओशाळते, आजी डोळे वटारते. मघाशी ज्या व्यक्तिमत्त्वाचे कौतुक चालले होते तेच व्यक्तिमत्त्व आता समोर उभे असते, फक्त ते आपल्या मनासारखे बोलत नसते.

या बाबतीत एका आईची साक्ष आपल्याजवळ आहे. तिचे नाव झेली मार्टिन. फ्रान्समधील आलाँसाँ या गावात ती लेस विणण्याचा व्यवसाय करीत असे आणि तिचे पती लुई घड्याळजी होते. तिला नऊ मुले झाली, त्यांतील चार बालपणीच वारली. उरलेल्या पाच मुलींतली धाकटी, २ जानेवारी १८७३ रोजी जन्मलेली, म्हणजे बाळ येशूची संत तेरेजा, आपली लिटल फ्लॉवर. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. थोरल्या दोन मुली दूर बोर्डिंगमध्ये होत्या. त्यांना घरची खबर कळवताना ती धाकटीविषयी भरभरून लिही. संतांची आई म्हणून तिने ती लिहिलेली नाहीत. धंदा सांभाळणारी, थकलेली, मुलीवर जीव टाकणारी बाई त्यांत बोलते.

तेरेजाचा पहिला वाढदिवस आला तेव्हा ती घरी राहायलाही नव्हती. आईचे दूध पुरेना, बाळ मरणाच्या दारात. म्हणून मार्च १८७३ मध्ये तिला जवळच्या खेड्यातल्या एका शेतकरणीकडे, दूधआईकडे ठेवले आणि ती परत आली एप्रिल १८७४ मध्ये. म्हणजे आईला आपल्या मुलीचा स्वभाव जवळजवळ कोऱ्या पाटीवरून वाचायला लागला. तिने काय वाचले? पोर एकटी जिना चढते, पण प्रत्येक पायरीवर ‘मामा’ म्हणून हाक मारते आणि खालून ‘काय गं बाळ’ असे उत्तर आले नाही तर त्याच पायरीवर थांबून राहते, ना वर जाते ना खाली येते. आईवर इतके प्रेम की तू मरावीस असे तिला सांगते, कारण स्वर्गात जायला मरावे लागते असे आईनेच शिकवलेले. जमिनीचे चुंबन घेतलेस तर एक नाणे देईन असे आई गमतीने म्हणते. नाणे म्हणजे तेव्हा तिच्या लेखी केवढी संपत्ती, पण नको ते नाणे, अशी ती ताठ उभी राहते.

मे १८७६ मधल्या एका पत्रात आई मनातली काळजी बोलून दाखवते. वरची सेलीन स्वभावानेच चांगुलपणाकडे वळणारी, पण ही धाकटी कशी निघेल ते सांगता येत नाही. बुद्धीने वरचढ, गोडव्याने उणी आणि हट्टाला तर पारावार नाही. एकदा नाही म्हणाली की संपले. दिवसभर तळघरात कोंडले तरी तिथेच झोपेल, पण हो म्हणणार नाही. असे लिहून ती पुढे लगेच हेही नोंदवते की पोरीचे मन सोन्यासारखे आहे, लाघवी आहे, मोकळे आहे.

आईच्या या वाक्यांत लपवाछपवी नाही आणि घाईचा निकालही नाही. मुलगी हट्टी आहे हे ती मान्य करते, ते कुणापासून दडवत नाही. पण हट्ट मोडून काढलाच पाहिजे, अशा ईर्ष्येने ती पेटत नाही. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. याच मुलीने नोव्हेंबर १८८७ मध्ये, बोलायला मनाई असताना, पोप लिओ तेरावे यांच्यापुढे गुडघे टेकून पंधराव्या वर्षी कार्मेल मठात जाण्याची परवानगी मागितली, आणि एप्रिल १८८८ मध्ये ती गेलीही. तळघरात झोपायला तयार असलेल्या त्या ‘नाही’तूनच ही चिकाटी आली असावी, असे आम्हांला वाटते. झेलीला हे दिसले नाही. तेरेजा साडेचार वर्षांची असताना, २८ ऑगस्ट १८७७ रोजी, ती कर्करोगाने वारली. तिने साजरे केलेले धाकटीचे वाढदिवस एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता : हट्टी मुले सांभाळा, ती संत होतील. पण तसे काही आश्वासन कुणाला देता येत नाही, आणि मार्टिनांच्या घरात आणखी एक मुलगी होती.

लेओनी ही तिसरी मुलगी, जन्म ३ जून १८६३. लहानपणापासून आजारी, शिकण्यात मागे, वागण्यात अनावर. बहिणी ज्या बोर्डिंगमध्ये शिकल्या तिथून तिला परत पाठवले गेले. झेलीची पत्रे तिच्याविषयी लिहिताना काळवंडतात. या पोरीचे पुढे कसे होणार हा घोर तिला सतत लागलेला असे. एक कोडे मात्र तिला उलगडत नव्हते. लेओनी आईचे ऐकत नसे, पण घरच्या मोलकरणीचे एका शब्दात ऐके. १८७७ च्या वसंतात थोरल्या मुलीने त्याचा छडा लावला. ती बाई कित्येक दिवस मुलीला धाकात ठेवून, दमदाटी करून आपले म्हणणे मान्य करायला लावत होती. आईला काही सांगायचे नाही अशी तंबी होती. ज्याला घरचे आज्ञापालन समजत होते ती नुसती भीती होती. झेली हादरली. तिने मुलीला जवळ घेतले आणि तेरा वर्षांची ती ‘अनावर’ पोर काही दिवसांत आईला चिकटून राहू लागली. स्वतःचा आजार बळावत असताना झेलीला आणखी जगावेसे वाटले ते विशेषकरून या मुलीसाठी. त्या जूनमध्ये ती लूर्डला गेली तेव्हा लेओनीला बरोबर घेऊन गेली.

बंधू-भगिनींनो, आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. कारण लेओनीपाशी आल्यावर आपला सुरुवातीचा प्रश्न बोचू लागतो. वाढदिवसाला आपण उमलते व्यक्तिमत्त्व साजरे करतो, असे उत्तर दिले तर ज्याचे व्यक्तिमत्त्व उमलताना दिसत नाही त्याचे काय? तीन वर्षे झाली तरी बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, चालत नाही, अशी मुले आपल्याही धर्मग्रामात आहेत. त्यांच्या घरांत पहिला वाढदिवस झाला, कदाचित दुसराही झाला. मग हळूहळू बंद झाला. ‘कशाला फादर, लोक विचारतात, काय सांगायचं?’ लोक खरेच विचारतात : अजून बोलत नाही का? आमच्या मुलीने तर या वयात ए फॉर ॲपल पाठ केले होते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण हॉलच्या दारात उभ्या असलेल्या त्या आईच्या काळजातून सुरी फिरते.

सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियस या विचारवंताने ‘व्यक्ती’ कुणाला म्हणावे याची व्याख्या केली आणि पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी ती स्वीकारली. त्या व्याख्येचा आशय साध्या भाषेत असा : बुद्धिस्वभाव असलेले एक स्वतंत्र अस्तित्व म्हणजे व्यक्ती. यातला ‘स्वभाव’ हा शब्द महत्त्वाचा. बुद्धीची चमक आज दिसते की नाही हे तो विचारत नाही. हे अस्तित्व कोणत्या जातीचे आहे, एवढेच पाहतो. झोपलेला माणूस व्यक्ती असतो, बेशुद्ध माणूस व्यक्ती असतो, पाळण्यातले बाळ व्यक्ती असते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने दुसरी वाट धरली. त्याने व्यक्तीची ओळख आत्मभानाशी, स्वतःला ‘तोच मी’ म्हणून ओळखण्याशी जोडली. या मांडणीने विचार पुष्कळ पुढे नेला हे मान्य; पण तिचा धागा ताणत गेले तर आरशापुढे स्वतःला न ओळखणारे लेकरू व्यक्ती ठरेल की नाही, अशी शंका उभी राहते. आणि आपण न वाचताही बरेचदा लॉकचे शिष्य असतो. मूल ‘हुशार झाले’ की त्याला माणसांत धरायचे, ही सवय आपल्या हाडात आहे.

बोएथियसच्या बाजूने उभे राहिले तर व्यक्ती आधी आणि व्यक्तिमत्त्व मागून येते. जिन्यावर हाक मारणारी तेरेजा आणि बोर्डिंगमधून परत आलेली लेओनी यांच्या व्यक्तिमत्त्वांत जमीन-अस्मानाचा फरक होता. पण त्या व्यक्ती होत्या त्या सारख्याच. बाप्तिस्म्याच्या विधीत आपण याला साक्ष असतो. मंदिराच्या दारात धर्मगुरूचा पहिला प्रश्न असतो तो या बाळाचे नाव काय ठेवले हा. ते काय करू शकते असे तिथे कुणी विचारत नाही.

दर रविवारी श्रद्धांगीकारात आपण पुत्राविषयी म्हणतो की तो घडवलेला नव्हे, तर जन्मलेला आहे. ते रहस्य अर्थातच देवाच्या ठायीचे आहे. पण त्या शब्दांतला भेद आई-बापांनाही उपयोगी पडावा. जे आपण घडवतो ते आपल्या खालचे असते. सुतार खुर्ची घडवतो. पाय डुगडुगला तर तो तासतो, मनासारखी झाली नाही तर मोडून टाकतो. जे आपल्यापासून जन्मते ते आपल्या बरोबरीचे असते. तीन वर्षांचे पोर आपल्या ताब्यात आहे, आपल्या शिस्तीत आहे, चौथ्या आज्ञेने आपला मान राखायला बांधलेले आहे. तरी देवापुढे ते आपल्याच उंचीचे आहे. त्याला शिकवायचे, आवरायचे, प्रसंगी ‘नाही’ला ‘नाही’ म्हणायचे, हे सगळे आलेच. लाडावलेले पोर सुखी नसते हे आम्ही शाळांतून रोज बघतो. मात्र आज्ञापालन त्यालाच करता येते ज्याच्यापाशी स्वतःची इच्छा असते. इच्छाच चिरडली तर उरते ते मोलकरणीपुढे मुकाट होणारी लेओनी. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, म्हणून तर झेलीसारखी जागरूक आईही फसली.

लेओनीची पुढची हकीकत थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर ती बिचारी इथेही उदाहरण म्हणूनच राहील. ती मठात गेली, जमले नाही, परत आली. पुन्हा गेली, पुन्हा परत आली. अखेर १८९९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, काँ शहरातल्या मठात ती कायमची स्थिरावली आणि १९४१ मध्ये तिथेच निवर्तली. तिच्या आई-वडिलांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संत म्हणून घोषित करण्यात आले आणि त्याच वर्षी लेओनीच्या संतपदासाठीच्या चौकशीलाही सुरुवात झाली. त्या चौकशीचा निकाल काहीही लागो. १८७० साली सातव्या वाढदिवसाला तिच्यात काय दिसत होते? आजारपण आणि आरडाओरडा. तरीही ती तीच होती.

वाढदिवस कसा करावा याचे नियम आम्ही घालणार नाही. केक असू द्या, फुगे असू द्या. हॉलसाठी कर्ज मात्र काढू नका, हे आम्ही मंदिरातही बोललो आहोत. लेकरू नाचायचे नाही म्हणाले तर त्या दिवशी तरी त्याला नाचवू नका. वाढदिवस त्याचा आहे.

आपल्या धर्मग्राम समितीशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळच्या दुसऱ्या मिस्सेनंतर, त्या महिन्यात जन्मलेल्या सात वर्षांखालील सर्व मुलांना आशीर्वाद दिला जाईल. नावे बाप्तिस्म्याच्या रजिस्टरावरून वाचली जातील, त्यामुळे कुणी वेगळी नोंदणी करायला नको आणि मिस्सेचा हेतू दिलेला असायलाही नको. बक्षिसे, फोटो, गाणे म्हणून दाखवणे असे काही असणार नाही. जे लेकरू वेदीपर्यंत चालू शकत नाही, किंवा गर्दीला, आवाजाला घाबरते, त्याला आईने बाकावरच घेऊन बसावे. त्याचे नाव वाचले की आम्ही खाली उतरून त्याच्यापाशी येऊ.